तुम्ही कारखाना विकत घेतलात, तेव्हा

प्रति,
संचालक मंडळ,
थ्रीडीएफएक्स इंटरॅक्टिव्ह,
सॅन होजे, कॅलिफोर्निया

महोदय,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहायची आमच्याकडे रीत आहे. तो मी लिहितो, पण तुमच्यासाठी नाही. तो तुमच्या कंपनीत बसून चिप आखणाऱ्या माणसांना. तुमच्याशी मला भांडायचं आहे.

तुमची कंपनी आता उरलेली नाही, हे मला ठाऊक आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज गेला आणि दारावरची पाटी त्याच्याही आधी उतरली होती. तरी पत्र तुम्हालाच लिहितो आहे, कारण थ्रीडीएफएक्स कशी बुडाली हे सांगताना लोक भलत्याच दिशेला बोट दाखवतात. कोणी म्हणतं प्रतिस्पर्धी एनव्हिडियाने मारली. कोणी म्हणतं बाजार बदलला. कोणी एकट्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नावाने खडे फोडतं. माझा आरोप मंडळावर आहे. डिसेंबर १९९८ मध्ये एसटीबी सिस्टिम्स ही कार्ड बनवणारी कंपनी विकत घ्यायला ज्यांनी संमती दिली, त्यांच्यावर. सगळी गोष्ट त्या एका संमतीपाशी येऊन थांबते, आणि ती मी शेवटपर्यंत सोडणार नाही.

त्याआधी तुमच्या हातात काय होतं, त्याची तुम्हाला आठवण करून द्यावी लागेल. तुम्ही ते विसरला होतात असं तुमच्या वागण्यावरून दिसतं.

१९९४ मध्ये गॅरी टॅरोली, स्कॉट सेलर्स आणि रॉस स्मिथ यांनी कंपनी काढली आणि गॉर्डन कॅम्पबेल यांनी त्यांच्यामागे भांडवल उभं केलं. टॅरोली आणि सेलर्स यांनी सिलिकॉन ग्राफिक्समध्ये काम केलेलं होतं. त्रिमिती चित्रं काढणारी महागडी यंत्रं कशी चालतात हे त्यांना आतून माहीत होतं. ती जादू सामान्य माणसाच्या टेबलावर आणायची, एवढाच त्यांचा ध्यास. सुरुवातीला ती टेबलावर येणंही शक्य नव्हतं, कारण मेमरी महाग होती. म्हणून पहिला व्हूडू, म्हणजे त्यांची त्रिमिती चिप, नाणं टाकून खेळायच्या आर्केड यंत्रांत गेला. 'सॅन फ्रान्सिस्को रश'मधल्या गाड्या त्याच्यावर उडत होत्या. मग १९९६ मध्ये मेमरीच्या किमती धाडकन कोसळल्या आणि चार मेगाबाइटचं कार्ड ३०० डॉलरच्या आत बसवता आलं.

काय कार्ड होतं ते! साधं द्विमिती चित्र काढायचं काम ते करतच नसे. संगणकातल्या जुन्या कार्डातून एक आखूड केबल व्हूडूत घालायची, आणि व्हूडूतून दुसरी मॉनिटरला न्यायची. ऑर्किडने बनवलेल्या राइटियस थ्रीडी कार्डावर तर यांत्रिक रिले बसवले होते. खेळ सुरू झाला की डब्यातून 'टक' असा आवाज यायचा आणि मॉनिटरचा ताबा व्हूडूकडे जायचा. ज्यांनी तो आवाज ऐकला आहे, ते आज पन्नाशीला टेकलेले असोत की पुढे गेलेले, तो विसरलेले नाहीत.

पुण्यात एका मित्राच्या खोलीवर मी 'क्वेक' हा खेळ एकाच संध्याकाळी दोनदा पाहिला. आधी नुसत्या प्रोसेसरवर: भिंतीजवळ गेलं की तिचे चौकोनी ठिपके व्हायचे, आणि जरा गर्दी झाली की चित्र अडखळायचं. मग व्हूडूवर: त्याच भिंती गुळगुळीत, मशालींचा उजेड दगडावर पसरलेला, आणि चित्र पाण्यासारखं वाहणारं. आम्ही चौघं खोलीत होतो. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. संगणकाने मला इतकं थक्क त्यानंतर क्वचितच केलं आहे. हे ज्या माणसांनी घडवलं, त्यांचं ऋण मी मानतो, आणि म्हणूनच तुमच्यावरचा राग मावळत नाही.

आता धंद्याची रीत पाहू. तुम्ही फक्त चिप आखत होतात. ती दुसऱ्यांच्या कारखान्यात घडायची, आणि मग डायमंड, ऑर्किड, क्रिएटिव्ह, कॅनोपस, गिलमो अशा कंपन्या ती विकत घ्यायच्या. बोर्ड त्या बनवायच्या. मेमरी त्या विकत घ्यायच्या. खोकी त्या छापायच्या, दुकानदाराला उधारी त्या द्यायच्या, न खपलेला माल परत आला तर तोटाही त्यांच्याच गळ्यात. जगाच्या कानाकोपऱ्यात तुमचं नाव त्यांनी स्वतःच्या पैशाने पोचवलं. मॉन्स्टर थ्रीडीच्या खोक्यावर डायमंडचं नाव ठळक असे, पण दुकानात गेलेला मुलगा मागायचा व्हूडूच. असे विक्रेते कोणत्या कंपनीला फुकट मिळतात?

१९९८ च्या सुरुवातीला व्हूडू २ आला. दोन कार्डं एका संगणकात जोडायची, एकाने एक ओळ रंगवायची, दुसऱ्याने पुढची. त्या जोडणीला तुम्ही एसएलआय नाव दिलंत. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांवर खेळ चालवणं घरच्या माणसाला त्यामुळे शक्य झालं. त्या वर्षी तुमच्या जवळपास कोणी नव्हतं. चुका तेव्हाही झाल्या होत्या. व्हूडू रश हे कार्ड रडतखडत चाललं. ड्रीमकास्ट या खेळयंत्राचा करार १९९७ मध्ये सेगाने मोडला आणि प्रकरण कोर्टात गेलं. पण त्या चुका सोसण्याची ताकद कंपनीत होती, कारण अंगावर ओझं नव्हतं. एक चिप फसली तर पुढची आखायची, इतकंच.

त्याच वर्षाच्या शेवटी तुम्ही शेअरच्या रूपात सुमारे १४ कोटी डॉलर मोजून एसटीबी घेतलीत. टेक्सासमधली कंपनी, आणि तिच्यासोबत मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेझचा कारखाना.

तुमची बाजू मी नीट समजून घेतली आहे. डेल, गेटवे यांसारख्या संगणक कंपन्यांशी एसटीबीचे जुने संबंध होते, आणि खरा मोठा खप तिथे होता. कार्डावरचा नफा डायमंडने का खावा, तो आपल्याच घरात यावा, असा हिशेब होता. शिवाय एसटीबी आपल्या व्हेलॉसिटी कार्डांवर एनव्हिडियाच्या चिप्स बसवत असे. ती घेतली की प्रतिस्पर्ध्याचं मोठं गिऱ्हाईक तुटणार. कागदावर हे तिन्ही मुद्दे बरोबर दिसतात. पण त्या बैठकीत एकालाही विचारावंसं वाटलं नाही का, की उद्या सकाळी डायमंड काय करेल?

डायमंडने, क्रिएटिव्हने आणि इतरांनी जे केलं ते कोणीही केलं असतं. ज्याची चिप आपण विकत होतो, तोच शेजारी दुकान थाटून बसला आणि आपल्याला चिप देईनासा झाला. मग ते दुसऱ्याच्या दारात गेले. क्रिएटिव्हने एनव्हिडियाच्या चिपवर जोमाने कार्डं काढली. डायमंडला १९९९ मध्ये एसथ्री या दुसऱ्या चिप कंपनीने पोटात घेतलं. एनव्हिडियाचं एक गिऱ्हाईक तोडायला तुम्ही निघालात आणि आपलं सगळं गणगोत तिच्या अंगणात नेऊन सोडलंत. एनव्हिडियाकडे चांगली चिप होतीच. आणखी विक्रेते तुम्ही पुरवलेत.

दुसरा घाव याहून खोल होता, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. चिप आखणाऱ्या कंपनीला उशीर झाला तर तिचं नुकसान होतं. पगार चालू राहतात, बाकी फारसं काही नाही. कारखाना असलेल्या कंपनीला उशीर झाला तर ती रोज रक्त ओकते. हुआरेझच्या ओळींवर माणसं उभी आहेत, त्यांना काम द्यायचं आहे. मेमरी आगाऊ विकत घ्यायची आहे. नवी चिप आली नाही तर जुन्या चिपची कार्डं बनवत राहायचं, ती गोदामात साचणार, आणि साचलेला माल महिन्यागणिक स्वस्त होत जाणार. ग्राफिक्सच्या धंद्यात माल भाजीसारखा नासतो. आणि अशा धंद्यात, आपली पुढची मोठी चिप अजून आखणीत अडकलेली असताना, तुम्ही कारखाना गळ्यात बांधून घेतलात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते याला.

नेमका उशीर व्हायला लागला होता. रॅम्पेज नावाची चिप १९९८ पासून आखली जात होती. व्हूडूनंतरची खरी नवी रचना तीच. पण दर वेळी काहीतरी तातडीचं निघे. एसटीबीच्या विलीनीकरणाची घडी बसवायची, कारखान्याला माल पुरवायचा, मधली एखादी चिप काढायची, आणि रॅम्पेज मागे सरके. दोन कंपन्या एकत्र करताना किती बैठका होतात, किती माणसं सोडून जातात, कोणता विभाग कोणाच्या हाताखाली यावर किती दिवस वाया जातात, हे नोकरी केलेल्या कोणालाही सांगायला नको. ते दिवस तुम्ही चिपच्या आखणीतून काढून घेतलेत.

१९९९ च्या वसंतात व्हूडू ३ आला. तो वेगवान होता, खपलाही, आणि मी त्याची निंदा करणार नाही. पण तो १६ बिटांच्या रंगात अडकलेला होता, त्याला २५६ गुणिले २५६ पेक्षा मोठं टेक्स्चर पचत नव्हतं, आणि समोर एनव्हिडियाचा टीएनटी २, ३२ बिटांचे रंग आणि दुप्पट मेमरी घेऊन उभा होता. तुमच्या प्रचारात सांगितलं गेलं की आमचं चित्र २२ बिटांच्या तोडीचं दिसतं. त्यात काही तथ्य होतं. पण ज्या कंपनीचं कार्ड पाहून लोकांची वाचा बसली होती, तिला आता आकड्यांचे खुलासे करावे लागत होते. तुम्हाला तिथेच कळायला हवं होतं.

ग्लाइडबद्दलही एक बोललं पाहिजे. तुमच्या चिपसाठी खेळ लिहायची ती भाषा सुरुवातीला सोपी आणि चपळ होती, म्हणून खेळ लिहिणारे तुमच्याकडे आले. ती तुम्ही कुलुपात ठेवलीत. तिची नक्कल करून दुसऱ्या कार्डांवर ते खेळ चालवणाऱ्यांच्या मागे वकील लावलेत. डिसेंबर १९९९ मध्ये ती खुली केलीत, तोवर खेळ लिहिणारे डायरेक्टथ्रीडी आणि ओपनजीएलकडे निघून गेले होते.

'बाजारच निर्दय होता' असं म्हणणाऱ्यांना मी एनव्हिडियाचीच गोष्ट सांगतो. १९९५ मधली त्यांची पहिली चिप साफ पडली. सेगाने त्यांनाही नाकारलं, पण सेगाच्याच ५० लाख डॉलरच्या आधाराने ते तगले, आणि अर्ध्याहून अधिक माणसांना त्यांना घरी पाठवावं लागलं. त्या खड्ड्यातून ते रिव्हा १२८ घेऊन १९९७ मध्ये वर आले आणि मग दर सहा महिन्यांनी नवं काहीतरी बाजारात आणायचं, हे व्रत त्यांनी मोडलं नाही. १९९८ ला टीएनटी. १९९९ च्या वसंतात टीएनटी २, शरदात जीफोर्स २५६. २००० च्या वसंतात जीफोर्स २. कार्डं बनवायचा मोह त्यांना शिवला नाही. चिप आम्ही आखू, बाकीचं तुम्ही करा, एवढंच ते भागीदारांना सांगत राहिले. ही तुमचीच रीत होती. तुम्ही टाकलेली पायताणं त्यांनी पायात घातली आणि ते चालत सुटले.

१९९९ सरून २००० उजाडताना तुम्ही मुख्य अधिकारी बदललात. ग्रेग बॅलर्ड गेले, अ‍ॅलेक्स ल्युप आले. दोघांविषयी माझ्या मनात वैयक्तिक आकस नाही. बॅलर्ड यांच्याच काळात व्हूडूने जग जिंकलं होतं. एसटीबीचा सौदाही त्यांच्याच काळातला, पण त्यावर मंडळाची मोहोर होती. मोहोर उठवणारे जागेवर राहिले आणि सही करणारा गेला. नव्या माणसाच्या हाती तुम्ही काय दिलंत? उशिरा आलेली चिप, दुरावलेले विक्रेते, भुकेला कारखाना, आणि गळत चाललेली तिजोरी. गाडीवान बदलल्याने गाडीतलं ओझं उतरत नाही. ते उतरवायचं धैर्य तेव्हा, त्याच महिन्यात दाखवलं असतंत, तर कदाचित हे पत्र लिहावं लागलं नसतं.

उलट तुम्ही आणखी एक खरेदी केलीत. मार्च २००० मध्ये १८ कोटींहून अधिक डॉलरच्या शेअरच्या बदल्यात गिगापिक्सेल ही कंपनी. चांगलं तंत्रज्ञान होतं, मान्य. पण त्याचा उपयोग व्हायला वर्षं लागणार होती, आणि तुमच्याकडे महिने उरले होते. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, ही गत. फरक इतकाच की हे घोडं तुम्ही स्वतः मोल देऊन आणलंत.

त्या सगळ्या गोंधळात अभियंते काय करत होते ते पाहा, मला त्यांच्याबद्दल बोलताना अजून भरून येतं. हाताशी असलेल्या व्हीएसए-१०० या एका साध्या चिपमधून त्यांनी मान वर ठेवण्याजोगं काम काढलं. व्हूडू ५ ५५०० वर अशा दोन चिप्स होत्या. त्या कार्डाने त्रिमिती चित्रातल्या कडांचे दाते असे काही घासून काढले की त्या बाबतीत जीफोर्स २ चं चित्र त्याच्याशेजारी उणं दिसायचं. आजही जाणकार ते मान्य करतात. पण कार्डाची घोषणा नोव्हेंबर १९९९ मध्ये झाली आणि ते लोकांच्या हाती पडायला २००० चा जून उजाडला, तोवर जीफोर्स २ दुकानात येऊन बसला होता आणि वेगात पुढे होता. चांगलं काम उशिरा बाजारात गेलं, आणि ग्राहकाने उशिराची किंमत वसूल केली.

आणि व्हूडू ५ ६०००. एका बोर्डावर चार चिप्स, १२८ मेगाबाइट मेमरी, हातभर लांब कार्ड. संगणकाची वीज त्याला पुरत नव्हती, म्हणून भिंतीतल्या सॉकेटला लावायचा वेगळा डबा सोबत यायचा होता. ते कधी विकायला आलंच नाही. थोडे नमुने उरले आहेत आणि संग्राहक त्यांच्यासाठी हजारो डॉलर मोजतात. मला त्या कार्डाचं छायाचित्र पाहवत नाही. चार एकसारख्या चिप्स ओळीने बसवलेल्या दिसतात आणि कळतं की नवी चिप वेळेवर न मिळालेली माणसं जुन्याच विटांचा मनोरा चढवत होती, आपली कंपनी वाचावी म्हणून.

नोव्हेंबर २००० मध्ये तुम्ही जाहीर केलंत की आता आम्ही कार्डं बनवणं सोडतो, कारखाना विकतो आणि पुन्हा फक्त चिप्स पुरवतो. बैल गेला आणि झोपा केला. दोन वर्षांपूर्वी जिथे उभे होतात तिथे परत यायला तुम्हाला सगळी कंपनी खर्ची घालावी लागली, आणि परत आलात तेव्हा तिथे तुमची वाट पाहणारा एकही डायमंड, एकही क्रिएटिव्ह उरला नव्हता.

१५ डिसेंबर २००० ला शेवटची घोषणा आली. पेटंट, नाव आणि बाकी मालमत्ता एनव्हिडियाला. बदल्यात ७ कोटी डॉलर रोख आणि त्यांचे १० लाख शेअर. रोखीचा आकडा तुम्ही एसटीबीसाठी मोजलेल्या किमतीच्या निम्मा आहे. ज्या एनव्हिडियावर तुम्ही सप्टेंबर १९९८ मध्ये पेटंटचा दावा ठोकला होता, तिलाच ती पेटंटं द्यावी लागली. ज्यांची देणी राहिली ते पुढे अनेक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले.

आणि रॅम्पेज? तिचे पहिले नमुने कारखान्यातून हाती आले ते कंपनी बंद होण्याच्या तोंडावर. चिप चालू लागली होती. ज्या माणसांनी तिच्यासाठी अडीच वर्षं दिली, त्यांना ती चालताना पाहायला मिळाली आणि मग आपलं सामान खोक्यात भरायला सांगितलं गेलं. गॅरी टॅरोलींसारखे काही एनव्हिडियात गेले. तुम्ही त्या दिवशी त्यांच्या प्रयोगशाळेत गेला होतात का? त्यांच्यापैकी एकाच्या तरी डोळ्यांत पाहिलंत का? या प्रश्नाचं उत्तर मला हवं आहे; बाकी आकडे मला पाठ आहेत.

एसएलआय हे नाव २००४ मध्ये पुन्हा बाजारात आलं, एनव्हिडियाच्या खोक्यावर. त्या कंपनीचं कार्यालय आज आमच्या पुण्यातही आहे. तिथे काम करणाऱ्या ओळखीच्या मुलीला मी एकदा ते रिलेचं 'टक' समजावून सांगत होतो. तिने शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग इतकी चांगली कंपनी बंद का पडली?" मी तिला हुआरेझपासून सुरुवात करून सांगितलं.

एक गोष्ट मात्र तिला सांगायची राहिली, ती तुम्हाला सांगतो. कंपनी विकली गेली, तेव्हा ज्यांनी काही महिन्यांपूर्वीच ३०० डॉलर देऊन व्हूडू ५ घेतला होता, त्यांच्या कार्डाचा वाली उरला नाही. एनव्हिडियाने नाव घेतलं, ग्राहकांची जबाबदारी घेतली नाही. पुढच्या वर्षी विंडोज एक्सपी आलं आणि त्याच्यासाठी ड्रायव्हर लिहायला तुमच्यापैकी कोणीच नव्हतं. ते काम तुमच्याच ग्राहकांनी केलं. दिवसाची नोकरी संपवून, रात्री घरी बसून, कोणाकडून एक पैसा न घेता, त्यांनी वर्षानुवर्षे ते ड्रायव्हर सुधारले आणि अनोळखी माणसांना वाटले. सुरुवातीला मी केलेला नमस्कार त्यांनाही आहे.

आपला,
व्हूडूचा एक जुना ग्राहक, पुणे